तांदळातलं नाव

दुकानात शिरताना त्या बाईंनी आधी पाटी वाचली, मग भिंतीवरच्या फोटोखालचं नाव वाचलं, आणि तशाच सागाच्या फळ्यांच्या चळतीवर बसल्या. पाटीवर 'तापी दरवाजे व चौकटी, परतवाडा' असं आहे. फोटोखाली 'कै. सौ. अर्चना प्रल्हाद गावंडे' असं आहे. मी रंधा बाजूला ठेवून पाणी आणलं. त्यांनी पेला हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

"या बाईंना तापी कोण म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"मी म्हणायचो."

"आणखी कोण?"

मला राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा भांडायला आलेल्या माणसाचा नव्हता. दवाखान्यात रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसाचा होता. म्हणून मी सांगितलं, की तिच्या माहेरचे म्हणायचे, त्यांच्यातलं आता कोणी उरलं नाही. बाकी सगळ्या गावाला ती अर्चनाच होती.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नाव वैजयंती बोंडे. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. यजमान दिगंबर बोंडे बँकेत होते. फार वर्षांपूर्वी त्यांची बदली परतवाड्याला झाली, तेव्हा ते इथे खोली घेऊन एकटे राहायचे आणि सुटीला अकोल्याला जायचे. ते वारले त्याला तीन वर्षं होत आली. आणि गेल्या काही महिन्यांपासून बाईंना एकच स्वप्न पडत होतं. समोर ताट, ताटात पसरलेले तांदूळ, आणि यजमानांचा अंगठी घातलेला हात. बोट तांदळात फिरायचं आणि नाव उमटायचं, तापी. मग तळहात ते घाईघाईने पुसायचा आणि त्याच जागी दुसरं नाव यायचं, अर्चना.

"तांदळात नाव लिहितात ते लग्नात, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझं नाव लग्नात बदललं नाही. आमच्याकडे ताट आलंच नव्हतं. मग हे ताट कुठलं?"

त्यांनी फोनवर तापी आणि परतवाडा असे दोन शब्द टाकले आणि माझं दुकान निघालं.

माझ्या हातातला भुसा झटकायचंही मला सुचलं नाही. कारण ते ताट मला ठाऊक होतं. आमच्या लग्नात वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, की नदीचं नाव सुनेला शोभत नाही, अर्चना ठेवायचं. ताट समोर आलं. भटजी काहीतरी शोधत होते, करवल्या पेढ्यांच्या मागे होत्या. माझ्या शेजारी मुंडावळ्यांखाली एक मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि तिचं नाव आता जाणार हे तिला सांगितलेलं होतं. मी पटकन तापी लिहिलं, तिला दिसेल इतकंच ठेवलं, पुसलं, आणि मग सगळ्यांसाठी अर्चना लिहिलं. टाळ्या झाल्या. ती खालमानेनेच हसली. ही गोष्ट आम्ही दोघांनी कधीही कोणाला सांगितली नाही. आमची मुलगी रेवती, तिलाही नाही.

म्हणजे दिगंबर बोंड्यांना ते कळलं असेल तर तापीनेच सांगितलं असणार.

तापी बचत गटाच्या कामाने बँकेत जायची. बँकेतले साहेब भले आहेत, असं ती एकदा स्वयंपाक करता करता म्हणाली होती. हे वाक्य इतकी वर्षं माझ्या डोक्यात कुठे पडून होतं कोण जाणे. आता ते उठून उभं राहिलं. बाईंच्या मनात होतं तेवढं मोठं काही माझ्या मनात आलं नाही. तिने सांगितलं, एवढंच आलं. पण मला ते पुरेसं होतं. समोर तिचा फोटो होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मागच्या करवतीवरच्या माणसाने माप विचारलं. मी कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारली आणि आकडा लिहून दिला. वळलो तर बाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

"तुम्ही डावरे आहात."

हो, म्हटलं.

"हे डावरे नव्हते. स्वप्नात मात्र पहिलं नाव डाव्या हाताने लिहितात, दुसरं उजव्याने. मला वाटायचं, स्वप्नच ते." त्यांनी फळीवरच्या रेघेकडे पाहिलं. "तुम्ही कोणत्या हाताने लिहिलं होतं?"

पहिलं डाव्याने. घाईत तोच पुढे आला. दुसरं सगळे बघत होते म्हणून उजव्याने, कारण शुभकार्यात डावा हात पुढे केला की आई डोळे वटारायची. पण हे तापीलाही ठाऊक नसणार. तिची मान खाली होती, मुंडावळ्यांच्या आडून तिला तांदूळ आणि बोट दिसलं असेल, हात कोणता ते नव्हे. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

मला एकदम हलकं वाटलं. तिने सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. मग हे माझ्या डोक्यातून बाहेर गेलं कसं?

बाईंनी कानामागचे केस सारले. तिथे वेलदोड्याएवढा फिकट ठसा होता. तसाच माझ्याही कानामागे आहे.

तो ठसा झोपेच्या पट्टीचा, ती मला रेवतीने आणून दिली होती. तापी गेल्यावर माझी झोप गेली. हल्ली निम्म्या गावाच्या कानामागे ती असते. ती झोप मोजते आणि झोप मोडायला लागली की हलके ठोके देऊन पुन्हा लावते. सकाळी माझ्या झोपेची फाईल 'घरोबा'वरून पुण्याला रेवतीकडे जायची. घरोबा म्हणजे एकमेकांना फायली पाठवायचं सॉफ्टवेअर, लग्नाचे फोटो, दुकानाची बिलं, सगळं त्यावरूनच जातं. बाबा नीट झोपले, हे तिला एका हिरव्या ठिपक्यावरून कळायचं. ठिपका हिरवा नसेल तर ती फोन करायची. मला ते बरं वाटायचं. मी संमतीचं बटण दाबलं होतं, ते रेवतीसाठी.

बाईंनी मला समजावलं ते शाळेतल्यासारखं, न कंटाळता. झोपेत मेंदू जुन्या गोष्टी पुन्हा चालवून बघतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. नवं ते इतकंच सापडलं, की एका मेंदूची ती चाल दुसऱ्या मेंदूत चालवता येते. चेहरे जात नाहीत, आवाज जात नाहीत. जाते ती अंगाची हालचाल. बोट कसं फिरलं, मान कुठे वळली, ओठ कसे हलले. बाकीचं ज्याला स्वप्न पडतं तो आपल्या घरातलं भरतो. मी म्हटलं, म्हणजे चौकटीचं माप इथून गेलं आणि त्यांनी आपल्याकडचं लाकूड लावलं. बाई म्हणाल्या, अगदी तसंच. माझं बोट त्यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या मेंदूने त्याला यजमानांचा हात लावला.

"पण मी हे कोणाला पाठवलं नव्हतं," मी म्हणालो.

"मीही नाही. मी बहिणीला रात्रीचा आलेख पाठवायची. तुम्ही मुलीला. त्याच वाटेने मागून सगळी रात्र निघून जात असणार." त्यांनी अंदाज केला तो पुढे खरा निघाला. जोडीदार गेलेल्या माणसाला दुसऱ्या तशाच माणसाचा एखादा सुखाचा तुकडा दिला, की तो गाढ झोपतो. गाढ झोपला की पट्टी काढत नाही. पट्टी आणि घरोबा दोन्ही चालवणाऱ्या कंपनीला एवढंच हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला जास्त लागली. आठवण दगडासारखी नसते. ती बाहेर काढली की दर वेळी थोडी मऊ होते आणि परत ठेवली की नव्याने घट्ट होते. मऊ असताना तिच्यात दुसऱ्याचं काही मिसळलं तर ते धरूनच ती घट्ट होते. मग वेगळं काढता येत नाही.

"हे घरातून निघताना रोज काहीतरी म्हणायचे," बाई म्हणाल्या. "एकच वाक्य, जन्मभर. शेवटच्या सकाळीही म्हणाले होते. आता मला ते आठवत नाही. म्हणायचे, एवढं आठवतं. शब्द गेले. तांदूळ आले आणि ते गेले." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे माझं काही आलं असेल तर सांगा, भाऊ."

मी सायकल सांगितली.

ते माझं सगळ्यात आवडतं स्वप्न होतं. सकाळचं कोवळं ऊन, उताराचा रस्ता. तापी सायकल चालवते आहे आणि मी मागे कॅरियरवर बसलो आहे, एवढा थोरला माणूस. पाय वर उचलून धरलेत, हातांनी सीटखालच्या स्प्रिंगा घट्ट पकडल्यात. वळण येतं तसं आमचं दोघांचं अंग एका बाजूला झुकतं. तिचा पदर वाऱ्याने माझ्या तोंडावर येतो. ती काही बोलत नाही, पण तिच्या पाठीवरून कळतं की हसते आहे. तापीला सायकल कधीच आली नाही. मला वाटायचं, तिकडे जाऊन शिकली.

बाई तोंडावर हात धरून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"कॅरियरवर मी बसायची. तुमच्या मिसेसने उगीच तुम्हाला एवढं ओढलं."

वळणं त्यांनीच मोजून दाखवली. आधी डावीकडे, मग लांब उतार, मग उजवीकडे आणि शेवटी दार. सगळी बरोबर होती.

"आणि दारापाशी काय होतं?"

"मग जाग येते," मी म्हणालो.

दारापाशी जाग येत नव्हती. दारापाशी सायकल थांबायची, मी उतरायचो, तापी एक पाय जमिनीला टेकवून मागे वळून म्हणायची, "दार लावू नका, आलेच." आणि निघून जायची. मी दार धरून उभा राहायचो, आणि तसाच शांत मनाने जागा व्हायचो.

हे मी सांगितलं नाही. तापी गेली ती काचेच्या दारापलीकडे. स्ट्रेचर आत गेलं, दार आपोआप मिटलं, आणि पुढचं सगळं मला दुसऱ्यांनी सांगितलं. आमचं काही बोलणं झालं नाही. म्हणून ते वाक्य मला मिळालं तेव्हा मी ते कोणाचं, कुठून आलं, असं काही विचारलं नव्हतं. बाई शेवटच्या गाडीने अकोल्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, की तक्रार करणार आहे आणि त्यांना माझी साक्ष लागेल. मी विचार करतो म्हटलं.

त्यानंतर मी पट्टी काढून ठेवायला हवी होती. काढली नाही. सायकल येत राहिली. पण आता मी कॅरियरवर बसल्या बसल्या तिच्या पाठीकडे निरखून बघायचो. ही पाठ तापीची, ब्लाउजला शिवण घातलेली, पण झुकणं कोणाचं? पदर तिचा, पण वारा कुठला? ती दारापाशी वळून बोलायची तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघायचो. ओठ तिचेच होते. तेच मला सहन होईना.

एकदा दुकानात बिजागऱ्या बसवताना मी ठरवून आठवायला लागलो, की तापी खरी घरातून कशी निघायची. बाजाराला, बचत गटाला, माहेरी. पस्तीस वर्षांचा संसार, आणि दर वेळी ती वळून म्हणायची, "दार लावू नका, आलेच." लग्नानंतर पहिल्या वेळेलाही तेच, आजारी असतानाही तेच. आणि हे खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. ती काही बोलून निघत नसे, यावरून आई तिला टोमणेही मारायची, की मांजरासारखी जाते, कळत नाही. टोमणे आठवत होते. जाणारी तापी आठवत नव्हती. ती होती त्या जागी बाईंचे यजमान उभे होते, माझ्या बायकोचं लुगडं नेसून.

मी रेवतीला फोन केला. तिला सगळं नाही सांगितलं. पट्टी काढतोय, उद्यापासून ठिपका दिसणार नाही, घाबरू नकोस, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला कसं कळणार बाबा, तुम्ही झोपलात की नाही?" मी म्हटलं, "विचार ना मला. मी सांगेन." ती म्हणाली, की बरं, रोज विचारते, पण खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. बाईंनी पत्ता दिला होता, पण तो खिशातून काढायची वेळ आली नाही. त्या गावातला तो भाग मी कधी पाहिला नव्हता. माझ्या स्वप्नात रस्त्याला परतवाड्याची झाडं होती, आमच्याकडची घरं होती. इथे सगळं वेगळं होतं, पाण्याची टाकी, बंद पडलेली गिरणी, रंग उडालेल्या कॉलनीच्या भिंती. पण अंगाला रस्ता माहीत होता. डावीकडे वळताना मी नकळत डावीकडे झुकलो. उतार लागला तशी हाताची बोटं मिटली, स्प्रिंगा धरल्यासारखी. एक पोरगं सायकलवरून वळून वळून माझ्याकडे बघत गेलं. ऊन कोवळं होतं. मी जागा होतो आणि तरीही त्या उतारावर मला पाय उचलून घ्यावेसे वाटले.

उजवीकडचं शेवटचं दार उघडंच होतं. पाण्याने फुगून खाली घासत होतं, पूर्ण लागत नसणार. बाई आतून आल्या आणि मला बघून म्हणाल्या, पत्ता सापडला का? मी म्हटलं, तुम्हीच आणून सोडलं.

चहा झाला. मग मी सांगितलं.

"दारापाशी जाग येत नाही, बाई. तिथे एक वाक्य आहे. ते तुमचं आहे. मी त्या दिवशी ठेवून घेतलं."

त्यांनी कप खाली ठेवला. मी पुरुषाच्या तोंडी बसेल असं करून ते म्हटलं. "दार लावू नको, आलोच."

बाईंचे ओठ नुसते हलले, आवाज न करता, एकदा, मग पुन्हा. त्या हलण्यात काही चाचपडणं नव्हतं. जिना अंधारातही पायांना ठाऊक असतो, तसं होतं. मी दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते देताना माझं काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. दुसऱ्याच्या घरची वस्तू चुकून आपल्याकडे राहावी आणि ती नेऊन दिल्यावर आपलं कपाट पुन्हा आपल्यासारखं दिसावं, तसं वाटलं. कपाट रिकामं होतं, ते खरं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे दार नीट लागत नाही. बघता का?"

मी रंधा घेऊन पुन्हा गेलो. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालची कड तासली, परत चढवलं. बाईंनी स्वतः ते लावून पाहिलं, उघडून पाहिलं, परत लावलं. कडी सहज बसली.

मग तक्रार झाली. माहिती सुरक्षेच्या कार्यालयात आम्ही दोघे गेलो. कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. त्याचं म्हणणं, लग्नाचा व्हिडिओ असेल, कोणी पाहिला असेल, घरोबावरून एकही रात्र बाहेर जात नाही. माझी अडचण अशी होती, की चोरी दाखवायची तर काय चोरलं ते सगळ्यांना सांगावं लागत होतं. इतकी वर्षं जे दोघांचं होतं ते टेबलावर ठेवावं लागणार होतं. मी आदल्या दिवशी फोटोसमोर बसून तापीला विचारलं. उत्तर अर्थातच आलं नाही. पण तिच्या गावच्या पाण्याच्या भांडणात सगळ्यांपुढे उभी राहून बोलली होती ती तापी मला आठवली, आणि ती आठवण माझीच होती, सायकलवरची नव्हे.

अधिकाऱ्यांनी दोन ताटं मागवली आणि आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. वर कॅमेरा होता. मी डाव्या हाताने तापी लिहिलं, पुसलं, उजव्याने अर्चना लिहिलं. बाईंनी त्यांच्या खोलीत स्वप्नात पाहिलेलं लिहिलं. मी 'त'ची उभी रेघ आधी ओढतो आणि गाठ मग काढतो. शाळेत मास्तर यावरून मारायचे. बाईंनी तसंच लिहिलं, उलट्या क्रमाने, डाव्या हाताने, आणि मी पुसतो तसं करंगळीकडून पुसलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी चालवली तेव्हा वकील उठून पडद्याजवळ गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

सुनावणी अजून चालू आहे. घरोबाची ती मागची वाट बंद करायला लावली आहे, आणि आता पुष्कळ लोक आपापली स्वप्नं घेऊन त्या कार्यालयात येतात. कोणाच्या नवऱ्याला अचानक पोहता येतं, कोणाची आई कधी न पाहिलेल्या शेतात वाकून काही वेचते. बाई तिथे जाऊन बसतात आणि कोणाचं काय ते जुळवायला मदत करतात. काही गोष्टींना मालक सापडत नाही. त्या तशाच राहतात.

तांदळाची गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाली आहे, म्हणून इथे लिहायला हरकत वाटली नाही.

पट्टी काढल्यावर कितीतरी दिवस मला स्वप्नात काहीच दिसलं नाही. झोप तुटक यायची, आणि सकाळी रेवती विचारायची तेव्हा मी खरं ते सांगायचो. सायकल पुन्हा आली नाही. रिकाम्या जागेवर बसून वाट पाहावी तसं झोपायचो. दुकानात काम करत राहिलो.

परवा पहाटे तापी आली. आमच्याच घरात होती आणि बाहेर निघाली होती. काही बोलली नाही. पण निघताना ती नेहमी एक करायची, अगदी लहानशी गोष्ट, ते तिने केलं. मी ते विसरलो आहे हेसुद्धा विसरलो होतो.

काय केलं, ते मी कोणाला सांगणार नाही.